जैविक शस्त्रं: इतिहास, नीती आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला आम्ही मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतो. लूप, म्हणजे जंतू उचलायची तारेची कडी, ज्योतीत लालभडक होईस्तोवर धरायची, गार होऊ द्यायची, प्लेटवर रेघ ओढायची आणि काम झालं की खाली ठेवण्याआधी पुन्हा ज्योतीत धरायची. आतलं बाहेर जाता कामा नये, एवढाच त्या सवयीचा अर्थ. आणि दर वर्षी त्याच वर्गात कुणीतरी हात वर करून विचारतं, "सर, हे मुद्दाम बाहेर सोडणारेही होते ना?"

होते. त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, नावाजलेल्या विद्यापीठांतून शिकलेली हुशार माणसं होती. मुलांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जंतू कसे वाढवले, कसे पसरवले याचा तपशील मुद्दाम दिलेला नाही. हे कुणी केलं, का केलं आणि पुढे त्यांना कुणी जाब विचारला का, हे मला सांगायचं आहे.

जैविक शस्त्र नेमकं कशाला म्हणायचं?

माणसांना, जनावरांना किंवा पिकांना मुद्दाम रोग व्हावा म्हणून वापरलेले जिवाणू, विषाणू, बुरशी आणि सजीवांपासून मिळणारी विषं. पण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात बंदी घातलेल्या जंतूंची यादी तुम्हाला सापडणार नाही. करारानं बोट ठेवलं आहे ते हेतूवर. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा शांततेच्या इतर कामांसाठी ज्यांचं समर्थन करता येत नाही, अशा प्रकारचे आणि अशा प्रमाणात जंतू बाळगायचे नाहीत, असं तो सांगतो.

हेतूवरच का, ते मुंबईच्या उदाहरणावरून पटेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले, ते मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साली १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. चाळीसेक वर्षांनी ईशान्य चीनमधल्या मांचुरियात शिरो इशी नावाच्या जपानी लष्करी डॉक्टरनं तोच जंतू वाढवला. हाफकिन यांनी सुई पहिल्यांदा स्वतःच्या अंगात घातली. इशीनं ती बांधून ठेवलेल्या कैद्यांच्या अंगात घातली. जंतू पाहून या दोन खोल्यांमधला फरक कुणालाही ओळखता आला नसता.

हे प्रकार किती जुने आहेत?

कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात शत्रूला रोग जडवणारे प्रयोग आहेत, तर मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धात विषारी बाण वापरू नयेत असं बजावलं आहे. म्हणजे मोह आणि निषेध दोन्ही आपल्याकडेही शेजारी शेजारी नांदत होते. १३४६ मध्ये क्रिमियातल्या काफा शहराच्या वेढ्यात मंगोल सैन्यानं प्लेगनं मेलेली प्रेतं तटावरून आत फेकल्याची कथा सगळीकडे सांगितली जाते. पण ती लिहून ठेवणारा माणूस तिथे हजर होता का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, त्यामुळे मी तिच्यावर फार भार टाकत नाही.

पक्का कागदी पुरावा मिळतो तो १७६३ चा, उत्तर अमेरिकेतल्या फोर्ट पिट या इंग्रज किल्ल्यातला. वेढा घालणाऱ्या मूलनिवासींचे दोन दूत २४ जूनला बोलणी करायला आले. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्यानं त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं की त्यांना देवीच्या दवाखान्यातली दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल दिला, आणि त्याचा हवा तो परिणाम होईल अशी आशाही नोंदवली. पुढे या वस्तूंचं बिल लावण्यात आलं. दोन ब्लँकेटं, एक रेशमी रुमाल, एक लिननचा रुमाल. मूलनिवासींपर्यंत देवी पोहोचवण्यासाठी रुग्णांकडून घेतलेल्या वस्तू भरून द्यायच्या, असं कारण त्या बिलावर लिहिलेलं आहे. वरच्या अधिकाऱ्यांनी ते मंजूर केलं. त्या ब्लँकेटांमुळेच साथ पसरली का, हे सिद्ध करणं अवघड आहे, कारण त्या भागात देवी आधीपासूनच होती. पण बेत काय होता, ते त्या बिलावरच लिहिलेलं आहे.

१९२५ मध्ये बंदी आली होती ना? मग पुढे हे सगळं कसं घडलं?

१७ जून १९२५ च्या जिनिव्हा करारानं जैविक शस्त्रं वापरायला बंदी घातली. ती तयार करायला आणि साठवायला मात्र घातली नाही. शिवाय "आमच्यावर कुणी वापरली तर आम्हीही वापरू" असा हक्क अनेक देशांनी राखून ठेवला. ब्रिटिश हिंदुस्थानानं १९३० मध्ये मान्यता दिली तीसुद्धा अशाच अटीवर. जपाननं सही केली, पण मान्यता दिली १९७० मध्ये. अमेरिकेची मान्यता आली १९७५ मध्ये.

युनिट ७३१ म्हणजे काय होतं?

जपानी लष्कराची ही तुकडी चीनमधल्या हार्बिन शहराजवळ पिंगफांग इथे होती. प्रमुख शिरो इशी, क्योतो विद्यापीठात शिकलेला. तुकडीचं अधिकृत नाव होतं साथप्रतिबंध आणि पाणी शुद्धीकरण विभाग. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हे नाव. साथ रोखणं, पाणी शुद्ध करणं यासारखं पुण्याचं काम नाही, आणि नेमक्या त्याच नावाच्या पाटीमागे प्लेग, पटकी, अँथ्रॅक्स (काळपुळी), विषमज्वर यांचे प्रयोग जिवंत माणसांवर चालत होते.

कैदी बहुतेक चिनी होते. काही रशियन, काही कोरियन होते. त्यांना म्हणायचे 'मारुता', म्हणजे लाकडाचे ओंडके. आसपासच्या लोकांना ही लाकडाची वखार असल्याचं सांगितलं होतं, त्यावरून हा शब्द रुळला असं म्हणतात. कैद्याला नाव नसे, क्रमांक असे. रोग आतून कसा पसरतो हे पाहण्यासाठी कैद्यांची भूल न देता चिरफाड केल्याचं तिथे काम केलेल्या लोकांनीच पुढे कबूल केलं. पुढच्या खटल्यात एका अधिकाऱ्यानं दिलेल्या साक्षीनुसार त्या आवारात किमान ३,००० माणसं मेली, आणि कैदी म्हणून तिथे गेलेला एकही जण जिवंत बाहेर आल्याची नोंद नाही.

हे भिंतींच्या आतलं झालं. बाहेर, ऑक्टोबर १९४० मध्ये निंगबो शहरावर आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये चांगदे शहरावर विमानांतून धान्याबरोबर प्लेगच्या पिसवा टाकण्यात आल्या. निंगबोत लोकांना शहराचा भर वस्तीतला भाग जाळून टाकावा लागला. पुण्यामुंबईतल्या जुन्या घरांमध्ये 'गाठीचा ताप' हा शब्द आजीच्या तोंडी कसा दबक्या आवाजात यायचा, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

मग त्या डॉक्टरांना फाशी झाली असेल?

नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या तेव्हा उरलेल्या कैद्यांना मारून टाकलं, इमारती सुरुंगानं उडवल्या आणि मंडळी जपानला परतली. अमेरिकेचे तज्ज्ञ चौकशीला आले आणि सौदा ठरला: माहिती द्या, खटला होणार नाही. माणसांवरच्या प्रयोगांची अशी माहिती आपल्याला आपल्या देशात कधीच मिळवता येणार नाही, म्हणून ती मोलाची आहे, असा तो हिशेब होता. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात हा विषय आरोप म्हणून उभाच राहिला नाही. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालून मानवी प्रयोगांसाठी संमतीची संहिता १९४७ मध्ये लिहिली जात होती, आणि त्याच वर्षी जपानी डॉक्टरांकडून त्यांच्या वह्या विकत घेतल्या जात होत्या.

सोव्हिएत रशियानं डिसेंबर १९४९ मध्ये खबारोव्स्क इथे बारा जणांवर खटला चालवला. २ ते २५ वर्षांच्या शिक्षा झाल्या. पाश्चात्य देशांनी त्याला प्रचार म्हणून उडवून लावलं. पण तिथे दिलेल्या साक्षींचा गाभा खरा होता, हे नंतर दिसून आलं. इशी स्वतः १९५९ मध्ये घशाच्या कर्करोगानं गेला, एकदाही न्यायालयात उभा न राहता. इतर अनेक जण वैद्यकीय महाविद्यालयांत आणि औषध कंपन्यांत मानाच्या जागी बसले.

चीनमधल्या १८० जणांनी जपानच्या न्यायालयात दाद मागितली. २७ ऑगस्ट २००२ रोजी टोकियोच्या न्यायालयानं जंतुयुद्ध झालं होतं हे मान्य केलं आणि भरपाई नाकारली. वरच्या न्यायालयांतही भरपाईचा दावा टिकला नाही.

त्या प्रयोगांतली माहिती आज उपयोगी पडत असेल तर वापरायला काय हरकत आहे?

हा प्रश्न हुशार मुलंच विचारतात, आणि मी तो टाळत नाही. "जे झालं ते झालं, निदान त्यातून कुणाचा जीव वाचू दे" हा युक्तिवाद माणुसकीचा वाटतो. पण १९४७ मध्ये नेमका हाच युक्तिवाद गुन्हेगारांच्या सुटकेची किंमत ठरला होता. माहितीला मोल आहे असं म्हटलं, की ती मिळवण्याची पद्धतही हळूहळू माफ होते. शिवाय ते विज्ञान म्हणूनही किती चांगलं होतं, ही शंका आहेच. उपाशी, आजारी, भेदरलेल्या कैद्यांवर घेतलेली निरीक्षणं म्हणजे नीट आखलेला अभ्यास नव्हे. माझं मत विचाराल तर, जिथे पीडितांची नावं आणि त्यांच्यावर झालेला अन्याय पहिल्या ओळीत येत नाही, तिथे ते आकडे येता कामा नयेत.

एकट्या जपाननंच हे केलं का?

नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन हस्तकांनी शत्रूकडे जाणाऱ्या घोड्या-खेचरांना रोग लावण्याचे प्रयत्न केले. ब्रिटननं १९४२ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्या बांधून अँथ्रॅक्सची चाचणी घेतली. ते बेट १९९० पर्यंत बंद होतं, आणि समुद्राच्या पाण्यात मिसळलेलं २८० टन फॉर्माल्डिहाइड ओतून ते साफ करावं लागलं. जर्मनीतली गुरं मारण्यासाठी ब्रिटननं अँथ्रॅक्स घातलेली पेंडही तयार ठेवली होती. ती वापरली गेली नाही.

अमेरिकेचं केंद्र मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिकला १९४३ मध्ये सुरू झालं. १९५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर 'निरुपद्रवी' समजला जाणारा जंतू फवारून हवेत काय पसरतं हे पाहिलं गेलं. शहरातल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी हल्ल्यासाठीचा सारा कार्यक्रम एकतर्फी बंद केला. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्यासारखे लोक त्यासाठी वर्षानुवर्षं धडपडत होते. त्यातून १९७२ च्या कराराची वाट मोकळी झाली, आणि २६ मार्च १९७५ रोजी तो लागू झाला.

करार झाल्यावर सगळे थांबले का?

सोव्हिएत संघ या कराराच्या जन्मदात्या देशांपैकी एक. त्यानं सही केली आणि साधारण त्याच सुमारास 'बायोप्रेपरात' नावाखाली आपला कार्यक्रम कैक पटींनी वाढवला. तिथून १९९२ मध्ये अमेरिकेला गेलेले केन अलिबेक यांच्या सांगण्यानुसार, देवीचं शस्त्र म्हणून निवडलेला वाण १९६७ मध्ये भारतातून नेला होता. आपल्याकडे गावोगाव देवी डॉक्टर दारं ठोठावत फिरत होते, १९८० मध्ये जगातून देवी गेल्याची घोषणा झाली, आणि त्याच काळात कुठेतरी ती पिंपांमध्ये भरून ठेवली जात होती. सोव्हिएत संघ स्वतः त्या निर्मूलन मोहिमेसाठी लस देत होता, हे लक्षात घेतलं की मन सुन्न होतं.

स्वेर्दलोव्स्कला काय झालं?

२ एप्रिल १९७९. उरल भागातल्या या शहरात लष्कराच्या 'कंपाउंड १९' या केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत गेला. पुढच्या काही आठवड्यांत किमान ६६ माणसं दगावली. सरकार म्हणालं, रोगट जनावराचं मांस खाल्ल्यामुळे झालं.

शवविच्छेदन करणाऱ्या फाइना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग यांना शवांमध्ये दिसत होतं ते वेगळंच होतं. मांसातून आलेला रोग पोटात दिसायला हवा, हा छातीत होता. गुप्त पोलिसांनी दवाखान्यातली कागदपत्रं उचलून नेली. या दोघांनी मात्र ऊतींचे नमुने आणि स्लाइड्स जपून ठेवल्या आणि तेरा वर्षं गप्प राहिले.

१९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी कबुली दिली. घटनेच्या वेळी ते त्याच प्रांताचे पक्षप्रमुख होते. त्याच वर्षी मेसेल्सन आपलं पथक घेऊन तिथे पोहोचले. आधी त्यांनी स्वतःच मांसाची कहाणी पटण्याजोगी आहे असं म्हटलं होतं. तरीही ते तिथे गेले आणि आपलं मत पुराव्यापुढे ठेवून बदललं, याचा मला फार आदर वाटतो. त्यांच्या पत्नी, समाजशास्त्रज्ञ जीन गिलेमिन, घरोघरी गेल्या. कबरींवरची नावं आणि तारखा उतरवून घेतल्या. तुमचा माणूस त्या सोमवारी दिवसा कुठे होता, एवढं त्या विचारत राहिल्या. उत्तरं नकाशावर टिंबांनी मांडली तेव्हा त्यांची एक चिंचोळी पट्टी झाली, कंपाउंड १९ पासून आग्नेयेकडे, जवळपास ४ किलोमीटर. पट्टीत एक सिरॅमिकचा कारखाना होता. त्याच रेषेत पुढे ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या-गुरं मेली होती. त्या दिवशीच्या वाऱ्याची नोंद काढली, तर वारा नेमका त्याच दिशेला वाहत होता. मांस काही वाऱ्याच्या रेषेत विकलं जात नाही.

भारताचा आणि महाराष्ट्राचा यात काही संबंध?

भारतानं १९७२ च्या करारावर सही केली आणि १९७४ मध्ये मान्यता दिली. २००५ चा सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा कायदाही आहे. पण लोक विचारतात ते वेगळ्याच गोष्टींबद्दल.

पहिली आजच्या झारखंडमधल्या पाकुडची. तिथल्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्रचंद्र पांडे या तरुणाला २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत कुणीतरी धक्का देऊन गेलं आणि दंडाला काहीतरी टोचलं. ४ डिसेंबरला तो मेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले. तपासाचा धागा मुंबईला पोहोचला: प्लेगवर औषध शोधल्याचं सांगून तारानाथ भट्टाचार्य या डॉक्टरनं आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात काम करायची परवानगी मिळवली होती. मालमत्तेसाठी सावत्र भावानं, बिनयेंद्रनं, हा बेत रचला होता. दोघांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली. प्लेगवरच्या औषधाचं निमित्त सांगून प्लेगच मिळवला, यात मला पिंगफांगच्या पाटीचीच छोटी आवृत्ती दिसते.

दुसरी रजनीशांच्या शिष्यांची. पुण्याच्या कोरेगाव पार्कमधून अमेरिकेतल्या ओरेगॉनला गेलेल्या त्या वसाहतीतल्या काही जणांनी १९८४ मध्ये शेजारच्या द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला. स्थानिक निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदान करू नये, हा हेतू. ७५१ जण आजारी पडले, कुणी दगावलं नाही. सुरुवातीला आरोग्य खात्यानं दोष हॉटेलातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांना दिला. खरं बाहेर आलं ते वर्षभरानं.

तिसरी अफवांची. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेग आला, तेव्हा हा परदेशी हल्ला असल्याच्या वावड्या उठल्या. तसा पुरावा निघाला नाही. त्याआधी सत्तरच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पातून पैसा आला होता म्हणून संसदेपर्यंत वादळ उठलं. पक्ष्यांबरोबर रोग कसे प्रवास करतात, हा प्रश्न रास्तच होता. माकडतापाचा विषाणू कुठून आला, हे तेव्हा शोधायचं होतं, आणि तोच माकडताप पुढे दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही पोहोचला. पण पैसा लष्कराचा असला की रास्त प्रश्नावरही संशयाची सावली पडते, आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी पैसा घेणाऱ्यावर येते.

कोरोना हे जैविक शस्त्र होतं का?

त्याचा उगम प्राण्यांकडून झाला की प्रयोगशाळेतल्या अपघातातून, यावर वाद चालू आहे. तो शस्त्र म्हणून बनवला होता, असा पुरावा कुणीही पुढे आणलेला नाही. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनीही २०२१ च्या अहवालात तो शस्त्र म्हणून विकसित केलेला नाही, असंच म्हटलं.

संरक्षणासाठीचं संशोधन आणि शस्त्रासाठीचं संशोधन यात रेघ कुठे ओढायची?

लस करायची तर जंतू हाताळावाच लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे ती निपाहसारख्या रोगांसाठी, आणि ती नसती तर आपण आंधळे असतो. म्हणून "सगळं बंद करा" हे उत्तर नाही. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सनं पाच जण मेले. तपास यंत्रणेनं शेवटी ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो लष्कराच्या संरक्षण-संशोधन संस्थेतलाच शास्त्रज्ञ होता. खटल्याआधी त्यानं आत्महत्या केली आणि प्रश्न न्यायालयात तपासलाच गेला नाही.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. काम उघड्यावर सांगता येतं का? बाहेरच्या कुणाला येऊन पाहता येतं का? आणि प्रयोगशाळेतल्या सर्वांत कनिष्ठ तंत्रज्ञाला, नोकरी न गमावता, "हे मला पटत नाही" असं म्हणता येतं का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक संस्था अडखळतात.

१९७२ चा करार आज पुरेसा आहे का?

नाही. १८० हून अधिक देश त्यात आहेत, पण कोण पाळतं आणि कोण मोडतं हे पाहायला निरीक्षकच नाहीत. रासायनिक शस्त्रांच्या करारासाठी हेगमध्ये मोठी संस्था आहे. जैविक करारासाठी जिनिव्हात मोजक्या माणसांचं एक कार्यालय आहे. तपासणीची व्यवस्था उभारायची बोलणी अनेक वर्षं चालली आणि २००१ मध्ये अमेरिकेनं मसुदा नाकारल्यावर कोसळली. उद्योगांची गुपितं फुटतील ही भीती खोटी नाही, पण तिच्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी आहे.

इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार?

२०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं युनिट ७३१ मधल्या ३,६०७ जणांची यादी नावानिशी खुली केली. ती मिळवली कात्सुओ निशियामा या निवृत्त वैद्यकीय प्राध्यापकानं. त्यानंतर ते आणि त्यांचे सहकारी क्योतो विद्यापीठाकडे गेले आणि त्या तुकडीतल्या एका अधिकाऱ्याला दिलेली डॉक्टरेट तपासा, अशी मागणी केली. प्रबंध प्लेगच्या पिसवांवरचा आहे. प्रयोग माकडांवर केल्याचं त्यात लिहिलं आहे, आणि संसर्गानंतर त्या माकडांनी डोकं दुखत असल्याची तक्रार केली, अशी नोंद आहे.